साडेचारचा पी-ई

मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात दादाचा डोंबिवलीहून फोन आला. "निकाल बघितलास का? शेअरमागे ब्याण्णव रुपये नफा! आणि भाव चारशे चौदा. म्हणजे पी-ई साडेचार. अगं, साडेचारला हल्ली मिळतं काय?" पी-ई म्हणजे शेअरचा भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा. जितका कमी, तितका शेअर स्वस्त असं मानतात.

कंपनी पोलादाची. नाव सांगत नाही, कारण जो घोटाळा झाला तो आम्हा बहीणभावांच्या डोक्यात झाला, कंपनीत नाही. बाबा फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरीला होते. जेवणाच्या सुट्टीत डबा आटोपून दलाल स्ट्रीटपर्यंत चालत जायचे आणि बाजाराबाहेर उभे राहून भाव ऐकून यायचे. तेव्हा आत रिंगमध्ये ओरडून सौदे चालत. पडद्यावरचे सौदे आले ते १९९५ मध्ये. बाबांनी त्या काळात घेतलेले शेअर बोनस, विभाजन होत होत वाढले आणि त्यांच्या मागे दादाला ३०० आणि मला ३०० आले. म्हणजे कंपनी घरातलीच वाटायची. मी एक एफडी मोडली आणि ४१४ च्या भावाने आणखी २०० घेतले. ८२,८०० रुपये आणि वर दलाली.

२१ मेला, शनिवारी, सरकारने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं. सोमवारी बाजार उघडला आणि पोलादाचे सगळेच शेअर धडाधड खाली आले. आमचा जूनमध्ये २९० ला आला. दादा म्हणाला, "आता तर पी-ई तीन झाला. आणखी घे." माझ्याकडे मोडायला दुसरी एफडी नव्हती, म्हणून वाचले.

नोव्हेंबरात शुल्क काढलं. भाव हळूहळू सावरला, पण नफा काही परत आला नाही. २०२२-२३ ला शेअरमागे ३१ रुपये, मग २२, मग १८.

२०२५ च्या दिवाळीत भाऊबीजेला मी डोंबिवलीला गेले होते. भाचा मोबाइल घेऊन शेजारी बसला. तो सीए करतोय. "आत्या, तुझा तो शेअर चारशे तीसला आहे. पी-ई चोवीस. विकून टाक, फार महाग झालाय."

मी करंजी हातात धरून तशीच बसले. ४१४ ला होता तेव्हा बाप म्हणाला, फार स्वस्त आहे. ४३० झाला तर लेक म्हणतो, फार महाग आहे. साडेतीन वर्षांत भाव हलला सगळा सोळा रुपये! बत्तीस वर्षं एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात काढली आहेत मी. दोन माणसं एकाच खात्याचे असे दोन निकाल सांगायला लागली की आधी बेरीज तपासायची, हे अंगात भिनलेलं आहे.

बेरीज नव्हतीच म्हणा, भागाकार होता. भाव भागिले एका वर्षाचा नफा. भाव जागच्या जागी आणि भाजक ९२ वरून १८ वर आलेला. पोलादाच्या धंद्यात तेजीच्या वर्षी नफा असा फुगतो की पी-ई नेमका तेव्हाच सर्वांत कमी दिसतो. मंदीत नफा आटतो आणि तोच पी-ई आभाळाला टेकतो. म्हणजे या धंद्यात पी-ई बघून घेणारा माणूस शिखरावर घेणार आणि दरीत विकणार. मी अर्धं काम करून बसले होते, उरलेलं अर्धं भाचा सुचवत होता.

यावरचा उपाय जुना आहे. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या अमेरिकेतल्या गुंतवणुकीच्या अभ्यासकांनी १९३४ मध्येच लिहून ठेवलं होतं की एका वर्षाच्या नफ्यावर जाऊ नका, निदान पाच आणि शक्यतो सात किंवा दहा वर्षांची सरासरी घ्या. १९२९ ची शेअर बाजाराची पडझड बघितलेली माणसं ती. पुढे १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थतज्ज्ञांनी त्यात महागाईचा हिशेब घातला: दहा वर्षांतल्या प्रत्येक वर्षाचा नफा आधी आजच्या रुपयांत आणायचा (त्यांच्याकडे डॉलरांत), मग सरासरी काढायची आणि आजचा भाव तिने भागायचा. याला केप म्हणतात, किंवा शिलर पी-ई. शिलर यांना २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामुळे या आकड्याला वजन आलं. अमेरिकेच्या बाजाराचा हा आकडा डिसेंबर १९९९ मध्ये ४४ पर्यंत गेला होता आणि त्यानंतर बाजार कसा कोसळला ते सर्वांना ठाऊक आहे.

मुलुंडला परत आले आणि दुसऱ्या दिवशी डायनिंग टेबलवर बसले. दहा वर्षांचे वार्षिक अहवाल बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, संकेतस्थळावर फुकट मिळतात. एकेक अहवाल तीन-चारशे पानांचा. पहिली शंभर पानं हसऱ्या कामगारांचे आणि झाडांचे फोटो. मला हवी होती नफा-तोटा पत्रकाची शेवटची ओळ, शेअरमागे नफा. एक्सेल येतं मला, पण आधी फुलस्केप वहीतच रकाने आखले. हाताने लिहिलं की डोळा आकड्यावर थांबतो.

तरी पहिली चूक झालीच. २०१५-१६ तोटा ३५, मग नफा ३०, १०५, १३५, पुढे २०१९-२० ला एकदम ८. लिहिताना मनात म्हटलंही, अरे बापरे, केवढी आपटी. सगळं आजच्या रुपयांत आणून सरासरी काढली तर पन्नासच्या वर आली. ४३० ला तिने भागलं तर उत्तर ८. मी खुर्चीवरून उठलेच. दादाचा नंबरसुद्धा लावला. रिंग जात असतानाच लक्षात आलं की २०१९ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच झाले होते. बाबांच्या ६० शेअरचे माझे ३०० झाले ते त्यातूनच! पहिल्या चार वर्षांचे आकडे जुन्या, मोठ्या शेअरमागचे होते. फोन कापला. मग बघितलं तर पुरावा समोरच होता: २०१८-१९ चा नफा त्या वर्षीच्या अहवालात १३५ आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात, 'मागील वर्ष' या रकान्यात, २७. विभाजन किंवा बोनस झाला की आदल्या वर्षाचा आकडाही नव्या शेअरसंख्येवर मांडायचा असा नियमच आहे. तेव्हापासून मी प्रत्येक वर्षाचा आकडा त्याच्या पुढच्या वर्षीच्या अहवालातून घेते. ताजा आकडा तेवढा अपवाद, त्याला पुढचं वर्ष अजून यायचंय.

याच सवयीने दुसरी गोष्ट सापडली. २०१५-१६ च्या अहवालात तोटा शेअरमागे ३५ रुपये छापला होता. पुढच्या अहवालात तोच तोटा ४५. इथे विभाजन नव्हतं. दोन्ही अहवालांवर ऑडिटरच्या सह्या, दोन्ही आकडे खरे. १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना इंड-एएस ही नवी लेखामानकं लागू झाली आणि तुलनेसाठी आदलं वर्षही नव्या पद्धतीने पुन्हा मांडावं लागलं. मी ४५ घेतला, कारण पुढची नऊ वर्षं त्याच पद्धतीतली होती. पाचाने भागून तोटा ९ रुपये. पण त्या रात्री मनात एक शंका घर करून गेली: ज्या नफ्याची दोन दशांशांपर्यंत सरासरी काढायला मी बसले आहे, तो नफा लिहिणाऱ्यांनाच एका वर्षात दहा रुपयांनी बदलता येतो.

एकट्या कंपनीचा नफा घ्यायचा की उपकंपन्यांसकट एकत्रित, हा प्रश्न मी फार चघळला नाही. एकत्रित घेतला. निफ्टीचा, म्हणजे पन्नास बड्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, पी-ई सुद्धा मार्च २०२१ अखेरपर्यंत एकट्या कंपन्यांच्या नफ्यावर काढत असत; एकत्रित नफ्यावर काढायला लागले तशी एका दिवसात ४० च्या घरातली संख्या ३३ च्या घरात आली. बाजार होता तिथेच होता. पी-ईच्या तोंडाकडे बघून खरेदी करणाऱ्यांनी हा दिवस लक्षात ठेवावा.

आता महागाई. इथे मला वाटलं, आपण तयारीच्या आहोत. २०२३ मध्ये बाबांचा फ्लॅट विकला तेव्हा भांडवली नफ्याच्या करासाठी आयकराचा कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स (जुनी खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायचा तक्ता) वापरला होता. तक्ता पाठच होता जवळजवळ: २०१५-१६ ला २५४, २०२४-२५ ला ३६३. म्हणजे १ रुपयाचे १.४३. प्रत्येक आकडा असा त्याच्या त्याच्या वर्षाच्या पटीने गुणला, सरासरी आली २७.८. काम झालं असं म्हणून भाच्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवला.

त्याचा फोन आला. "आत्या, हा इंडेक्स कर आकारण्यासाठी आहे. यात महागाई पूर्ण धरतच नाहीत."

"म्हणजे?"

"शहरी ग्राहक किंमत निर्देशांक जेवढा वाढतो, त्याच्या पंचाहत्तर टक्केच वाढ यात धरतात."

मी फ्लॅटच्या वेळी सीएला फी मोजली होती आणि हे मला आज, फुकट, भाच्याकडून कळत होतं. (सीएची चूक नाही. मी विचारलं नव्हतं.) मग सांख्यिकी मंत्रालयाचा ग्राहक किंमत निर्देशांक घेतला, २०१२ बरोबर १०० धरलेला. बारा महिन्यांची सरासरी काढली तर २०१५-१६ ला १२४.७ आणि २०२४-२५ ला १९२.६. म्हणजे तेव्हाच्या १ रुपयाला आजचे १.५४. माझ्या पोळ्यांच्या बाई तेव्हा महिन्याला १,२०० घ्यायच्या, आता २,५०० घेतात. निर्देशांकाला त्यांनी विचारलेलं दिसत नाही. पण हिशेबाला सगळ्यांचा मिळून एकच आकडा लागतो, तो घेतला.

भाच्याने आणखी एक फाटा फोडला: पोलाद कंपनीला घाऊक किंमत निर्देशांक का लावत नाहीस? मुद्दा बिनतोड वाटला होता. पण घाऊक महागाई २०१५-१६ मध्ये शून्याच्या खाली होती, तेल आणि धातू पडले होते म्हणून. त्याच पडझडीत आमच्या कंपनीचा तोटा झालेला. चीनचं स्वस्त पोलाद इतकं येत होतं की फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारला आयातीवर किमान किंमत ठरवावी लागली. नफा ज्या लाटेवर वरखाली होतो त्याच लाटेने तो मोजला, तर लाट नाहीशीच होणार. आणि मुळात मला जाणून घ्यायचं आहे ते कंपनीचा रुपया कारखान्यात किती लोखंड विकत घेतो हे नाही. माझ्या हातात आलेला रुपया मुलुंडच्या बाजारात काय आणतो, एवढ्याशीच माझा संबंध. ग्राहक निर्देशांकच राहिला.

शेवटी वहीत उतरलं ते असं. आजच्या, म्हणजे २०२४-२५ च्या रुपयांत: २०१५-१६ तोटा १३.९, मग नफा ८.९, ३०, ३७.३, १०.५, २९.८, १०८.२, ३४.२, २३ आणि १८. बेरीज २८६. सरासरी २८.६. आणि ४३० भागिले २८.६ म्हणजे १५.

महागाई धरलीच नसती तर सरासरी २४ आणि उत्तर १८ आलं असतं. आयकराच्या तक्त्याने साडेपंधरा. म्हणजे निर्देशांकावरून घातलेला सगळा वाद अर्ध्या अंकाचा होता! दहा वर्षांत महागाई सरासरी पाच टक्क्यांच्या आत राहिली, म्हणून असं. महागाई दहा टक्क्यांवर असती तर वाद सार्थकी लागला असता.

मग मला जे बघायचं होतं ते बघितलं. त्याच वहीवरून मे २०२२ ला मागे गेले. त्या दिवशी हातात असलेली २०१५-१६ ते २०२१-२२ अशी सातच वर्षं घेतली (ग्रॅहमसाहेबांना सात चालतात) आणि त्या वेळच्या रुपयांत सरासरी काढली. २५.६ आली. ४१४ भागिले २५.६, म्हणजे १६.

दादाने मला साडेचारला मिळतोय म्हणून सांगितलेला शेअर मी सोळाला घेतला होता. आणि भाचा ज्याला चोवीस म्हणतोय तो पंधराला आहे. सोळा आणि पंधरा. स्वस्त तो तेव्हाही नव्हता, महाग आजही नाही. वहीत ते दोन आकडे शेजारी लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. ८२,८०० रुपयांची चूक म्हणून जिचा साडेतीन वर्षं जीव खाल्ला, ती भावाची चूक नव्हतीच. बेताच्या भावाला घेतलेला शेअर होता तो. मी फक्त लॉटरी समजून घेतला होता.

भाच्याला पंधरा सांगितलं तर तो म्हणाला, "ते ब्याण्णववालं वर्ष काढून बघ." काढलं. उरलेल्या नऊ वर्षांची सरासरी १९.८ आणि उत्तर जवळजवळ २२. एका वर्षावर सात अंकांचा फरक. मग ते वर्ष धरायचं की नाही? करोनानंतर जगभर पोलाद चढलं होतं तसं पुन्हा चढेल का, हे कोण सांगणार. मी म्हटलं, ठेवायचं. वाईट वर्षाचा तोटा ठेवला ना, मग चांगल्या वर्षाचा नफाही ठेवायचा. आपल्याला न आवडलेला आकडा काढून टाकायला लागलं की हिशेब उरत नाही, तळटीपा उरतात. खरं तर शिलर यांच्या पद्धतीवर अर्थतज्ज्ञ जेरेमी सीगल यांचा आक्षेप याच जातीचा आहे: २००८-०९ मध्ये काही मोजक्या बड्या कंपन्यांनी दाखवलेल्या अवाढव्य तोट्यांनी दहा वर्षांची सरासरी खाली ओढली आणि त्यामुळे बाजार उगाच महाग दिसत राहिला.

आणि शिलर यांनी हे संपूर्ण बाजारासाठी केलं, शेकडो कंपन्यांच्या निर्देशांकासाठी. एकीची हाडं मोडली तरी दुसरी उभी असते. एकट्या कंपनीला लावायचं तर दहा वर्षांपूर्वीची कंपनी आणि आजची एकच आहे का, हे आधी बघावं लागतं. आमच्या कंपनीने मधल्या काळात दुसरी भट्टी टाकली. २०१६-१७ चे ८.९ रुपये एका भट्टीचे आहेत. उलट कर्जही वाढलं, ते या भागाकारात कुठेच दिसत नाही. आणि एखादी औषधाची किंवा संगणकाची कंपनी, जिचा नफा दरवर्षी चढताच आहे, तिला दहा वर्षांची सरासरी लावणं म्हणजे बारावीच्या मुलाची उंची पहिलीपासूनच्या सरासरीने मोजणं. वरखाली होणारे धंदे, पोलाद, सिमेंट, साखर, यांनाच हे कापड बेतून येतं.

२८.६ भागिले ४३० केलं तर पावणेसात टक्क्यांच्या आसपास येतं. बँकेच्या एफडीच्या दराशी तुलना करायचा मोह झाला. पण एफडीचे पैसे माझ्या खात्यात येतात. इथले पावणेसात महागाई वगळूनचे आहेत हे खरं, पण त्यातले बहुतेक भट्टीत जातात आणि लाभांश म्हणून हातावर पडतात ते चार-पाच रुपये. कंपनीने उरलेल्याचं सोनं केलं की राख, ते पुढच्या दहा अहवालांत कळेल.

दादाला सगळं समजावून सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे स्वस्त की महाग?"

"ना स्वस्त, ना महाग. बेताचा."

"एवढी वही भरून एवढंच?"

२०२२ मध्ये घेतलेले २०० शेअर मी ४२८ ला विकले आणि त्या पैशांची पुन्हा एफडी केली, कारण ते पैसे मुळात एफडीचेच होते. साडेतीन वर्षांत २,८०० रुपये सुटले, लाभांश वेगळा. दलाली आणि कर त्यातूनच. व्याज धरलं तर तोटाच. बाबांचे ३०० ठेवलेत. २०२५-२६ चा अहवाल आला की वहीतली २०१५-१६ ची ओळ गळेल आणि तोटा निघून गेल्यामुळे सरासरी आपोआप वर सरकेल. कंपनीने काही न करता शेअर थोडा स्वस्त दिसायला लागेल. ते विसरू नये म्हणून त्या ओळीसमोर लाल पेनाने लिहून ठेवलंय: "दादाचा फोन येईल."